‘गॅस न भरताच पैसे घेतले’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही आमच्या वर्कशॉपला एक तारा देऊन चार तक्रारी मांडल्या आहेत. इलेक्ट्रिक गाडी एसीसाठी आणली तर आम्ही गॅस भरलाच नाही, फक्त फिल्टर बदलून तपासणीचे पैसे लावले. दुपारी उन्हातून काढलेली गाडी गार व्हायला अजूनही पंधरा मिनिटं जातात. फास्ट चार्जिंगला लावून आत बसलं की एसी ‘मरतो’. आणि एसी लावला की रेंज उतरते, त्यावर आमच्याकडून ‘गाडी सावलीत लावत जा’ एवढंच औषध मिळालं. हेच प्रश्न घेऊन येणारे बरेच जण आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गॅस, कारण तुमचा खरा राग तिथे आहे. तुमच्या गाडीतला गॅस आम्ही मशीनने पूर्ण काढला, वजन केलं, व्हॅक्यूम मारला, व्हॅक्यूम टिकतोय हे पाहिलं आणि बॉनेटखालच्या लेबलवर जेवढे ग्रॅम लिहिले आहेत तेवढाच परत भरला. काढलेलं वजन आणि लेबलवरचं वजन जवळजवळ सारखं होतं. म्हणजे गॅस कमी नव्हता, गळतीही नव्हती. मग वरून आणखी कशासाठी मारायचा? जास्त गॅसने कूलिंग वाढत नाही. कंडेन्सरमधला (म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या भागातला) प्रेशर वाढतो, गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि थंडावा उलट कमी होतो. नुसता गेज लावून प्रेशर बघितला तरी आत किती गॅस आहे ते कळत नाही, कारण प्रेशर बाहेरच्या तापमानाबरोबर खालीवर होतो. ते वजनानेच ठरतं.

‘दुसरीकडे अर्ध्या तासात गॅस मारून देतात,’ असंही तुम्ही लिहिलंय. देत असतील. पण पेट्रोल गाडीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, आणि तुमच्या गाडीच्या कॉम्प्रेसरमध्ये स्वतःची मोटर आहे, जी मोठ्या बॅटरीच्या काहीशे व्होल्टवर चालते. त्या मोटरची गुंडाळी गॅस आणि तेलातच बुडालेली असते. तिला गारवाही त्यातूनच मिळतो. म्हणून त्यात वीज न वाहू देणारं खास तेल असतं, बहुतेक गाड्यांत पीओई प्रकारचं. पट्ट्यावरच्या कॉम्प्रेसरमध्ये सहसा पीएजी तेल असतं. तेच मशीन, तेच पाइप न धुता इलेक्ट्रिक गाडीला लावले आणि थोडं जरी पीएजी आत गेलं, तरी इन्सुलेशन उतरतं. मग गाडी स्वतःच हाय व्होल्टेजचा दोष दाखवते, काही गाड्या तर चालू व्हायलाही नकार देतात. त्यातून पूर्ण कॉम्प्रेसर बदलायची वेळ येऊ शकते. गळती बंद करणारी जी द्रव्यं बाटलीत मिळतात, त्यांच्यापासूनही लांबच राहा. आम्ही इलेक्ट्रिक गाड्यांसाठी मशीन वेगळं ठेवलंय, ते याच भीतीने.

बदलला तो केबिनच्या हवेचा फिल्टर तुम्हाला किरकोळ वाटला. तुमच्या गाडीत दोष म्हणावा असा तोच एक सापडला. पानांचा चुरा आणि धुळीने तो गच्च झाला होता, ब्लोअर पूर्ण वेगाने फिरत होता आणि जाळीतून वारा मात्र निम्मासुद्धा येत नव्हता. कूलिंग कॉइल कितीही गार असली तरी तिच्यावरून वारा वाहिला नाही तर तो गारवा तुमच्यापर्यंत पोचणार कसा? अशा गाडीत गॅस भरणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पुढच्या कंडेन्सरच्या पत्र्यांत अडकलेले किडे आणि कचराही आम्ही साध्या पाण्याने काढला. (हे घरी करणार असाल तर प्रेशरचा फवारा जवळून मारू नका, पत्रे वाकतात आणि वाट कायमची बंद होते.)

आता ती पंधरा मिनिटं. बाहेर चांगलंच ऊन असताना बंद गाडीतली हवा तासाभरात ४५ अंशांच्या पुढे सहज जाते आणि डॅशबोर्ड ७० च्या आसपास तापतो. लोकांना वाटतं एसीला ती हवा थंड करायची असते. हवा असते किती? छोट्या गाडीत सगळी मिळून तीन-चार किलो. तेवढी हवा तुमचा एसी मिनिटाभरात गार करेल. वेळ खातात त्या सीट, डॅशबोर्ड, स्टिअरिंग, दारांचं प्लास्टिक आणि काचा. त्यांच्यात मुरलेली उष्णता पुढची दहा-पंधरा मिनिटं हवेत परत येत राहते. वर भर दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॉट ऊन पडतं, आणि पुढची मोठी काच व काचेचं छप्पर त्यातलं बरंचसं आत घेतात. जाळीत थर्मामीटर लावून आम्ही जो थंडावा मोजून दाखवला तो एसीचा. तुम्हाला जाणवतो तो या सगळ्याच्या बेरजेचा.

म्हणूनच ‘सावलीत लावा’ हा सल्ला फुकटचा शहाणपणा नव्हता. सावलीतल्या गाडीचा डॅशबोर्ड उन्हातल्यापेक्षा वीसेक अंशांनी कमी तापतो, आणि तेवढं काम कॉम्प्रेसरला करावंच लागत नाही. सावली नसेल तर पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा. काच बोटभर उघडी ठेवण्याचा उपाय सगळे सांगतात. त्याने फरक नगण्य पडतो.

पण इलेक्ट्रिक गाडीची खरी सोय वेगळीच आहे, आणि ती तुम्ही वापरत नाही असं बोलण्यातून कळलं. इंजिन नसल्यामुळे बंद गाडीतही एसी पूर्ण ताकदीने चालतो. चार्जरला लावलेली असतानाच, निघायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी मोबाइलवरून किंवा गाडीतल्या टायमरवरून केबिन गार करून घ्या. सुरुवातीला तापलेली केबिन खाली आणायला काही किलोवॉट लागतात, तेवढी वीज मुख्यतः भिंतीतून येईल, बॅटरीतून नाही. नंतर ती तशीच ठेवायला त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरते. तासभर आधी मात्र लावून ठेवू नका. सीट आणि डॅशबोर्ड गार झाल्यावर उरलेली वीज वायाच जाते.

चार्जर नसेल, गाडी उन्हात तापलेली असेल, तर आधी सगळ्या काचा उघडून मिनिटभर चालवा. आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम आहे, ती फुकटात बाहेर जाऊ दे. मग काचा बंद, ब्लोअर मोठा, आणि रिसर्क्युलेशनचं बटण दाबा, म्हणजे बाहेरची तापलेली हवा पुन्हापुन्हा गार करण्याऐवजी आतलीच थंड होत जाते. दमट दिवसांत हे जास्त महत्त्वाचं, कारण हवेतला बाष्पाचा भाग पाणी करून काढण्यातच एसीची मोठी ताकद जाते. गाडीखाली टपटपणारं पाणी ते हेच. लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची हवाही घ्या, नाहीतर बंद केबिनमध्ये कार्बन डायऑक्साइड साचून डुलकी लागते. तापमान सर्वांत खालच्या आकड्यावर नेल्याने ऑटो मोडमध्ये गाडी लवकर गार होत नाही. गाडी तापलेली असेल तेव्हा ती स्वतःहूनच पूर्ण जोर लावते. आकडा खाली नेला तर फक्त नंतर हुडहुडी भरेपर्यंत एसी थांबत नाही. आणि एक गोष्ट: तुमची गाडी आमच्याकडे आली ती इको मोडवर. त्या मोडमध्ये गाडी कॉम्प्रेसरला हात राखून वीज देते. पहिली पाच-दहा मिनिटं साध्या मोडवर ठेवा, मग हवं तर इकोला जा.

फास्ट चार्जिंगची तुमची तक्रार मला सगळ्यात रास्त वाटली, म्हणजे अनुभव अगदी खरा आहे. फक्त तो बिघाड नाही. तुमच्या गाडीत एकाच कॉम्प्रेसरचा गॅस दोन घरी जातो. एक फाटा केबिनच्या कूलिंग कॉइलकडे, दुसरा चिलरकडे. चिलरमध्ये तो गॅस बॅटरीभोवती फिरणारं पाणी थंड करतो. ५० किलोवॉटने चार्जिंग चालू असताना त्यातली पाच टक्के जरी उष्णता झाली तरी अडीच किलोवॉटचा हीटर बॅटरीत पेटल्यासारखं आहे. लिथियम बॅटरीला साधारण आपल्याला सोसतं तेवढंच तापमान सोसतं. फार तापली तर तिचं आयुष्य घटतं. म्हणून गाडीचा संगणक गॅस आधी बॅटरीला देतो आणि उरलेला तुम्हाला. माणसाला घाम येतो, बॅटरीला येत नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो तेव्हा कोणी हसत नाही, पण हिशोब तोच आहे.

यावर गॅस भरणं हा इलाजच नाही. करता येतं ते असं: चार्जरपर्यंत पोचायच्या आधीच केबिन नीट गार करून ठेवा, आणि चार्जिंग चालू असताना २५-२६ अंशांवर, रिसर्क्युलेशनमध्ये तेवढा गारवा टिकवा. तापलेल्या केबिनला तिथेच गार करू पाहाल तर दोन्ही बाजूंनी ओढाताण होते. हायवेवर जोरात चालवून आलेली बॅटरी आधीच तापलेली असते, तेव्हा शेवटचे काही किलोमीटर वेग थोडा कमी ठेवला तर बरं. चार्ज ८० टक्क्यांच्या आसपास गेला की बहुतेक गाड्यांचा चार्जिंगचा वेग उतरतो, बॅटरीची उष्णता कमी होते आणि तुमच्या जाळीतला गारवा आपोआप परत येतो. तुम्हीही नीट आठवून पाहा, शेवटी शेवटी एसी ‘सुधारतो’ ना? चार्जिंगच्या वेळी पुढून येणारा पंख्याचा आणि कॉम्प्रेसरचा मोठा आवाजही याच कामाचा असतो.

रेंजचं गणित थोडक्यात. गाडी एकदा गार झाली की एसी तासाला साधारण एक युनिट वीज घेतो, ऊन फार असेल तर जास्त. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने तासभर गेलात तर गाडीला चालायलाच आठेक युनिट लागतात, त्यात एसीचं एक म्हणजे फारसं नाही. तोच तास ट्रॅफिकमध्ये १५ किलोमीटर सरकण्यात गेला तर गाडीला दोनच युनिट लागतात आणि एसीला तेच एक. एकूण विजेचा तिसरा हिस्सा! एसी तासावर खातो, गाडी किलोमीटरवर. म्हणून शहरात रेंज जास्त उतरलेली दिसते. तुमच्या गाडीच्या सीटला पंखा आहे. त्याला अगदी थोडी वीज लागते. तो लावून एसी दोन अंश वर ठेवून बघा.

तपासणीच्या पैशांबद्दल: गॅस काढणं, वजन, व्हॅक्यूम, इन्सुलेशनची चाचणी, हाय व्होल्टेज तोडून योग्य वेळ थांबून मगच हात लावणं, या सगळ्याला माणूस आणि वेळ लागतो. दोष मोठा निघाला नाही म्हणून ते काम झालंच नाही असं होत नाही. ती रक्कम परत करणार नाही. बिलासोबतच्या कागदावर प्रत्येक मोजमाप लिहिलेलं आहे, ते इलेक्ट्रिक गाड्यांचं काम जाणणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही वर्कशॉपला दाखवा.

आणि खरंच दोष आहे असं कशावरून समजायचं, तेही सांगतो. साध्या मोडवर, चार्जिंग चालू नसताना, वीस मिनिटं चालवूनही मधल्या जाळीतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडीच गार वाटली. पायाखालचा गालिचा ओला झाला. वारा कमी पडून आंबूस वास आला. किंवा एसी लावताच स्क्रीनवर हाय व्होल्टेजचा इशारा आला, तर आम्हाला कळवायला वेळ लावू नका. इशारा आला असेल तर गाडी चालवून आणू नका, फोन करा. बाकी कशासाठीही येणार असाल तर दुपारची वेळ घ्या आणि गाडी तासभर उन्हात उभी करून आणा. सकाळच्या गार गाडीत तुमची तक्रार आम्हाला दिसणारच नाही.