बीबीएवर एमपीएससी देता येत नाही? धादांत खोटं!

‘बारावीनंतर बीबीए घेताय? थांबा!’ अशा मथळ्याचा, बीबीए म्हणजे व्यवस्थापनाच्या पदवीबद्दलचा एक लांबलचक मेसेज सध्या पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतोय. धनकवडीला राहणाऱ्या माझ्या ताईने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ही आता सीईटीचा फॉर्मच भरणार नाही म्हणते.’ ही म्हणजे माझी भाची, आणि सीईटी म्हणजे बीबीएची प्रवेश परीक्षा. बारावी कॉमर्स, हिशेबाला पक्की, आणि पुढे एमपीएससी द्यायचं तिच्या डोक्यात आहे. मी कॉमर्सच्या मुलांना कॉस्टिंग शिकवते. असले फॉरवर्ड एरवी न वाचताच पुसून टाकते, पण घरातल्या मुलीचा फॉर्म अडला म्हटल्यावर गप्प बसवेना.

मेसेजमधला पहिलाच मुद्दा सगळ्यात घातक आहे: ‘बीबीए ही खरी पदवी नाही, त्यावर यूपीएससी-एमपीएससी देता येत नाही.’ हे लिहिणाऱ्याने यूपीएससीची जाहिरात एकदा तरी उघडून वाचली आहे का? नागरी सेवा परीक्षेच्या जाहिरातीत शैक्षणिक पात्रता स्पष्ट दिलेली असते. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाची, किंवा यूजीसी कायदा 1956 च्या कलम 3 नुसार अभिमत ठरलेल्या संस्थेची पदवी, अथवा तिच्याशी समकक्ष पात्रता. शाखा कुठली, याची अट नाही. शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यालाही पूर्वपरीक्षेला बसता येतं. आपलं पुणे विद्यापीठ 1949 साली कायद्यानेच स्थापन झालं आणि संलग्न कॉलेजातल्या बीबीएच्या मुलांना पदवी तेच देतं. मग अडचण आली कुठून? राज्यसेवेलाही पदवीच लागते. वनसेवा, अभियांत्रिकी सेवा, कृषिसेवा अशा पदांना ठरावीक शाखेची अट असते, पण ती बीकॉम आणि बीएवाल्यांनाही आडवी येते. बँकेच्या पीओ (अधिकारी) परीक्षेला आणि केंद्राच्या नोकऱ्यांसाठीच्या एसएससीच्या सीजीएल परीक्षेलाही बहुतेक पदांसाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते.

याच मुद्द्याला जोडून दुसरी भीती घातली आहे की एआयसीटीईने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, बीबीए ‘बंद केलं’ आणि जुन्या पदव्या रद्द झाल्या. झालंय ते उलटंच. 2024-25 पासून एआयसीटीईने बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम आपल्या मान्यतेखाली घेतले. त्यामुळे महाराष्ट्रात सीईटी आली आणि पहिली परीक्षा 29 मे 2024 रोजी झाली. पदवी देण्याचा अधिकार तेव्हाही विद्यापीठाचा होता, आजही आहे. जुन्या पदव्यांना कुणी हात लावलेला नाही. गोंधळ झाला तो प्रवेशांचा. त्या वर्षी राज्यात जागा 1 लाखाच्या वर आणि सीईटी दिलेली मुलं 50 हजारांच्याही आत. बऱ्याच जणांना सीईटी आहे हेच माहीत नव्हतं. शेवटी ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. काही कॉलेजांनी सीईटी टाळायला अभ्यासक्रमाचं नावच बदलून ‘बीकॉम मॅनेजमेंट’च्या धर्तीवर केलं. म्हणून माहितीपत्रकावर पदवीचं पूर्ण नाव काय छापलंय ते वाचा, एवढा सल्ला मी जरूर देईन.

‘गणित न जमणाऱ्यांचा कोर्स’ हा तिसरा मुद्दा. माझ्या वर्गात या, मग बोला. मिसळीच्या एका दुकानाचं उदाहरण मी दरवर्षी सोडवून घेते. भाडं, पगार, वीज मिळून महिन्याचा ठरलेला खर्च 42,000 रुपये. प्लेट 80 रुपयांना, तिच्यामागे माल आणि गॅस 45 रुपये. उरले 35. म्हणजे महिन्याला 1,200 प्लेट, रोजच्या 40 विकल्या की ना नफा ना तोटा. आता सगळी विक्री डिलिव्हरी अॅपवरून झाली आणि अॅपने 20 टक्के कापले असं धरा. 16 रुपये गेले, हातात राहिले 19. त्याच खर्चाला आता 2,211 प्लेट लागतात, रोजच्या जवळपास 74! हा आकडा फळ्यावर आला की वर्ग चिडीचूप होतो. ज्यांच्या घरी दुकान आहे ती मुलं तर तास संपल्यावर थांबून घरचे आकडे मांडून बघतात. गुणाकार-भागाकारच आहे सगळा, पण नेमकं कशाला कशाने भागायचं हे कळण्यालाच तर व्यवस्थापन म्हणतात.

‘आता चार वर्षं सक्तीची’ हेही खोटं. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष ऑनर्ससाठी.

राहिला नोकरीचा आणि एमबीएचा मुद्दा. इथे, नाइलाजाने का होईना, थोडं मान्य करावं लागेल. पुण्यात गल्लोगल्ली बीबीए सुरू झालंय आणि काही ठिकाणी ‘100 टक्के प्लेसमेंट’ म्हणजे फोनवरून क्रेडिट कार्ड विकणं असतं. शिवाय एमबीएच्या पहिल्या वर्षात मार्केटिंग, एचआर पुन्हा शिकावं लागतं, आणि आयआयएममध्ये इंजिनिअरांचा भरणा असतो, हेही खरं. पण ‘बीबीएवाल्यांना कॅट (आयआयएमची एमबीए प्रवेश परीक्षा) देता येत नाही’ हे कुठून काढलं? कॅटला कुठल्याही शाखेची पदवी चालते, 50 टक्के गुण हवेत, एससी, एसटी आणि दिव्यांगांना 45. कॉलेज नीट निवडा, प्लेसमेंटची यादी पदाच्या नावासकट लेखी मागा, एवढं सांगितलं असतं तर मीच तो मेसेज पुढे पाठवला असता.

पण मेसेज संपतो तो एका मोबाइल नंबरवर. ‘त्यापेक्षा आमचा एक वर्षाचा मॅनेजमेंट प्रोग्राम करा, सीईटी नको, आजच सीट बुक करा.’ हा प्रोग्राम म्हणजे खासगी क्लासचं प्रमाणपत्र, पदवी नव्हे. त्याच्या जोरावर मात्र राज्यसेवा, यूपीएससी, कॅट यातलं खरोखरच काही देता येत नाही. बीबीए सोडून जी मुलगी तिथे पैसे भरेल, तिच्यावर हा मेसेज ज्याची भीती घालतो तेच ओढवेल. ताईला मी सांगितलंय, सीईटीचा फॉर्म मुदतीत भर, आणि त्या नंबरवर फोन करायचाच असेल तर एवढंच विचार: पदवी कुठल्या विद्यापीठाची?