गाडीतल्या मॅपच्या अपडेटचे पैसे: तासगावच्या दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली आणि उत्तर जरा लांबतंय, तेव्हा चहा घेऊनच बसा.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी मागं लिहिलं होतं की गाडीतल्या नेव्हिगेशनचा मॅप काही वर्षांतनं एकदा तरी अपडेट करावा, पैसे पडले तरी. त्यावर दादांचं म्हणणं असं की उपग्रह फुकट, रस्ते आपल्याच टॅक्सचे, मग मॅपचे पैसे कशाला. त्यांच्याकडचा जुना गार्मिन (गाडीत लावायचं रस्ता दाखवणारं यंत्र) एकदाही अपडेट न करता तासगावातनं पुण्याला बरोबर नेतो. आणि आता खिशात फोन असताना असलं काही लिहिणारा माणूस एकतर रिकामटेकडा, नाहीतर कंपन्यांचा एजंट. (एजंट असतो तर आधी गाडीचे टायर बदलले असते हो.)

उपग्रह फुकट आहेत हे शंभर टक्के बरोबर. अमेरिकेच्या जीपीएसचे तीसएक उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरनं फिरत असतात आणि त्यांच्या सिग्नलचा एक रुपयाही कुणी घेत नाही. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत तर अमेरिका सर्वसामान्यांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालायची, ती काढली तेव्हा कुठं गाडीला वळण सांगण्याइतकी अचूकता आली. पण त्या उपग्रहाला तासगाव माहीत नाही, सांगली माहीत नाही, रस्ता ही भानगडच माहीत नाही. तो फक्त मी इथं आहे आणि आत्ता इतके वाजलेत एवढंच ओरडत असतो, तुमचं यंत्र चार-पाच उपग्रहांचं ओरडणं ऐकून स्वतःचे अक्षांश-रेखांश काढतं, आणि पुढचं सगळं, म्हणजे हा रस्ता आहे, तो वन वे आहे, इथं डिव्हायडर फोडलेला नाही, ते यंत्राच्या पोटातल्या मॅपमधनं येतं. तो मॅप कुणीतरी केलेला असतो, त्यासाठी माणसं गाड्या घेऊन फिरलेली असतात, आणि ज्या दिवशी तो बनवून संपतो त्या दिवसापासनं जुना व्हायला लागतो.

त्या मॅपची किंमत किती, तर २००७ मध्ये नोकियानं नॅव्हटेक ही मॅपवाली कंपनी ८.१ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं आणि २००८ मध्ये गार्मिनसारखीच यंत्रं करणाऱ्या टॉमटॉमनं टेली अ‍ॅटलास ही दुसरी मॅपवाली कंपनी २.९ अब्ज युरोला घेतली. एवढा पैसा ओतल्यावर तो गिऱ्हाइकाकडनंच वसूल होणार, दरवर्षी मॅप अपडेटच्या नावानं. मग २००९ च्या ऑक्टोबरमध्ये गुगलनं अमेरिकेत फोनवर वळणावळणाचं नेव्हिगेशन फुकट देतो म्हणून जाहीर केलं आणि त्याच दिवशी गार्मिन-टॉमटॉमचे शेअर आपटले. नोकियानं तोच मॅपचा धंदा, आता हिअर नावाचा, २०१५ मध्ये आउडी, बीएमडब्ल्यू आणि डाइमलरला २.८ अब्ज युरोला विकला. म्हणजे मॅप बनवणं स्वस्त झालं नाही, गिऱ्हाइकानं थेट पैसे द्यायचं बंद केलं. आता ते पैसे जाहिरातीतनं येतात, गाडी कंपन्यांकडनं येतात, आणि तुमचा-माझा फोन रस्त्यावर कुठं किती स्पीडनं चाललाय या माहितीतनं येतात. चौकातल्या सिग्नलला मॅपवर गर्दीचा लाल पट्टा दिसतो तो आपल्याच फोनांनी काढलेला असतो.

टॅक्सचं म्हणाल तर सरकार नकाशे करतं की. सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ पासनं आहे आणि २०१७ पासनं त्यांच्या पोर्टलवरनं टोपोशीट फुकट उतरवता येतात, डोंगर चढणारी पोरं वापरतात. पण टोपोशीटवर डोंगराच्या रेषा, ओढे, वाड्या-वस्त्या असतात, साताऱ्यात पोवई नाक्यावरनं उजवीकडं वळायला परवानगी आहे का ते नसतं. ते काम खाजगी कंपन्यांकडं गेलं, आपल्याकडं मॅपमायइंडियासारख्यांकडं, आणि त्यात परवानग्यांचं लचांड एवढं होतं की २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्रानं नियम सैल केले तेव्हा भारतीय कंपन्या जरा मोकळ्या झाल्या.

आता तुमच्या गार्मिनवर येतो. दादा, राग मानू नका, पण तासगाव, पलूस, कराड आणि मग सरळ हायवे, या रस्त्याला तुम्हाला यंत्र लागतंच कशाला? बंद करून डिकीत टाकलं तरी तुम्ही पुण्यात पोचणार. ते बरोबर नेतंय असं वाटतं कारण रस्ता तुम्हाला पाठ आहे, चुकीचं बोललं तरी तुम्ही ऐकत नाही. त्याला जरा मिरज-सोलापूर टाकून बघा. तो रस्ता चौपदरी झालाय, गावं बाजूला राहिलीत, आणि जुना मॅप तुम्हाला अजून कवठेमहांकाळच्या आतनं नेऊ बघणार, तुम्ही नवीन रस्त्यावर असताना बाण शेतातनं पळणार आणि यंत्रातली बाई सारखी यू टर्न घ्या म्हणत राहणार. कराडात कोल्हापूर नाक्यावरचा जुना पूल पाडलाय, तुमच्या यंत्रात तो अजून उभा असणार. खंबाटकीच्या नव्या बोगद्यांची तर गोष्टच सोडा.

आमच्या साताऱ्यातलं उदाहरण याहून मजेशीर आहे. पोवई नाक्याचा ग्रेड सेपरेटर २०२१ मध्ये सुरू झाला, म्हणजे वर एक रस्ता आणि बरोबर त्याच्या खाली दुसरा. जीपीएसला उंची तशी नीट कळत नाही, त्यात खाली गेल्यावर आभाळच दिसत नाही, म्हणजे सिग्नल गेला. नवीन मॅप असेल तर यंत्र अंदाज बांधतं की गाडी उतारावर शिरली म्हणजे आता खालच्या रस्त्यावर आहे आणि पलीकडं अमुक ठिकाणी बाहेर निघणार. जुन्या मॅपला खालचा रस्ताच माहीत नाही, मग ते गाडीला वरच्या सर्कलला चिकटवतं आणि तुम्ही भुयारात असताना डावीकडं वळा म्हणतं. डावीकडं भिंत. इथं सातारकर हसून पुढं जातो, पण बाहेरनं कासला आलेला पाहुणा तिथं ब्रेक मारतो आणि मागच्याला घाम फुटतो.

आणि नावं. तुमच्याच जिल्ह्यात इस्लामपूरचं ईश्वरपूर झालंय, अहमदनगरचं अहिल्यानगर, उस्मानाबादचं धाराशिव. हायवे ४ चा ४८ होऊन तर कितीतरी वर्षं झाली. पाटीवर एक आणि यंत्रात दुसरं, घरच्या माणसाला फरक पडत नाही, परगावचा ड्रायव्हर मात्र गोंधळतो.

अजून एक, तुमचं यंत्र बरंच जुनं असेल तर त्यातली तारीख बघा एकदा. जीपीएसच्या सिग्नलमध्ये आठवडे मोजतात ते १०२४ झाले की परत शून्यावर येतात, ६ एप्रिल २०१९ ला तसं झालं आणि काही जुनी यंत्रं तेव्हापासनं वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. रस्ता तरीही दाखवतील, पण पोचायची वेळ आणि तारीख यावर विश्वास ठेवू नका.

एवढं सगळं लिहिल्यावर तुम्ही म्हणणार बघा, शेवटी कंपनीचीच बाजू. नाही. मॅपला पैसे पडतात हे मान्य, पण ते ज्या पद्धतीनं घेतात त्यावर माझा तुमच्याएवढाच राग आहे. मी माझ्या गाडीसाठी सर्व्हिस सेंटरला विचारलं (कुठलं ते सोडा) तर काउंटरवरच्या पोरानं आधी मॅप अपडेट म्हणजे काय ते मलाच विचारलं, मग आत जाऊन आला आणि जो आकडा सांगितला त्यात पुढचे दोन टायर आले असते. वर ते मॅपचं मेमरी कार्ड अख्ख्या भारताचं. मला अरुणाचल नको आहे हो, मला महाराष्ट्र, बेळगाव-विजापूर आणि गोवा द्या, पण तसं तुकड्यानं मिळत नाही. कार्ड त्या एकाच गाडीला बांधलेलं, दुसऱ्या गाडीत चालणार नाही, गाडी विकली तर कार्डही तिच्याबरोबर. आणि नवीन म्हणून जो मॅप मिळतो तो गाडी कंपनीनं तपासून, स्वतःच्या फॉरमॅटमध्ये बसवून, कार्डावर टाकून गावाला पोचेस्तोवर आतली माहिती बऱ्यापैकी शिळी झालेली असते.

लाइफटाइम मॅप हा तर वेगळाच विनोद. डब्यावर लाइफटाइम लिहिलं की आपल्याला वाटतं आपलं आयुष्य, निदान यंत्राचं तरी. टॉमटॉमच्या व्याख्येत लाइफटाइम म्हणजे कंपनी जोपर्यंत त्या यंत्राला सपोर्ट देते तोपर्यंत. २०१८ च्या सुरुवातीला त्यांनी काही जुन्या मॉडेलवाल्यांना कळवलंच की आता तुमच्या यंत्राला नवे मॅप मिळणार नाहीत. कारण खोटं नव्हतं, जुन्या यंत्राची मेमरी आणि ताकद फुगलेल्या मॅपला पुरत नाही, पण मग डब्यावर तसं लिहायचं होतं.

यात आपल्यासारख्यांचा खरा तोटा कुठं आहे सांगू? मुंबई-पुण्याचा माणूस आणि आपण, अपडेटला पैसे तेवढेच देतो. त्याला त्या पैशात नवीन मेट्रोखालचे बदललेले यू टर्न, नवे फ्लायओव्हर, घर नंबर सगळं मिळतं. आपल्याला मिळतो हायवे, आणि तालुक्याचे रस्ते जसे होते तसेच. कंपनीची गाडी मोठ्या शहरात परत परत फिरते, जतच्या आतल्या भागात कधी येणार देव जाणे. म्हणून माझं म्हणणं साधं आहे, दरवर्षी पैसे अजिबात देऊ नका, आणि द्यायच्या आधी आत काय मिळणार ते बघून घ्या.

आणि ते बघता येतं, हेच कुणी सांगत नाही. गाडीच्या स्क्रीनवर सेटिंगमध्ये जाऊन सिस्टीमची किंवा मॅपची माहिती उघडा, तिथं व्हर्जन आणि वर्ष असतं आणि बारीक अक्षरात मॅप कुणाचा ते असतं, हिअर, टॉमटॉम किंवा मॅपमायइंडिया. मग त्याच कंपनीचा फुकट मॅप फोनवर उघडा, हिअरचा हिअर वीगो आहे, मॅपमायइंडियाचा मॅपल्स आहे. तुम्ही नेहमी जाता त्या भागातले जे रस्ते अलीकडं बदललेत ते तिथं शोधा. कंपनीच्या स्वतःच्या ताज्या मॅपवर जर मिरजेच्या पुढचा बायपास नसेल तर त्याच कंपनीच्या विकतच्या कार्डावर तो कुठनं येणार? आणि तिथं सगळं नीट दिसत असेल तर मग कार्डाची तारीख विचारा आणि ठरवा. दहा मिनिटांचं काम आहे.

बाजारात पेन ड्राइव्हवर मॅप मारून देणारे आहेत, स्टिरिओच्या दुकानात पाचशे-हजारात होऊन जातं म्हणतात. होतंही कधीकधी. पण त्या नादात अख्खी स्क्रीन लॉक झाली की मग शोरूमवाला जे बिल लावतो त्यात चार अपडेट आले असते, वॉरंटी गेली ती वेगळीच. त्या वाटेला जाऊ नका.

राहिला फोन. सांगली-मिरज-पुणे एवढंच फिरणं असेल तर फोनच लावा, त्यात वाद नाही, मीही बऱ्याचदा तेच करतो. गुगलचा मॅप त्यांच्या सर्व्हरवर बदलतो, आपल्याला काही करावं लागत नाही. पण बामणोली, तापोळा, कुंभार्ली घाट, इकडं शिराळ्याच्या पुढं चांदोलीकडं, नेटवर्क गेलं की गुगल मुका होतो. आधी डाउनलोड करून ठेवलेला ऑफलाइन भाग असेल तर चालतो, पण त्यालाही मुदत असते आणि तो वायफायवर अपडेट होत राहावा लागतो, नाहीतर ऐन वेळी एक्स्पायर झालेला निघतो. पावसाळ्यात फोन आणि गाडीतला मॅप दोन्हींचा भरवसा नाही ते वेगळंच, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा रस्त्यावर आली तेव्हा कुठला मॅप कामाला आला? ट्रॅक्टरवाल्यांना विचारूनच माणसं बाहेर पडली.

तुमच्यासारख्या, म्हणजे ज्याला पैसेही द्यायचे नाहीत आणि कंपनीही नको, त्याच्यासाठी तिसरी गोष्ट आहे, ओपनस्ट्रीटमॅप. २००४ पासनं जगभरातली माणसं आपापल्या भागातले रस्ते त्यात भरतात. त्यावर चालणारं ऑर्गॅनिक मॅप्स फोनवर टाका, महाराष्ट्र एकदा डाउनलोड करा, नेट बंद असलं तरी रस्ता दाखवतं, पैसे नाहीत, जाहिरात नाही. आणि तुमच्या जुन्या गार्मिनसाठी सुद्धा त्याच माहितीवरनं बनवलेले मॅप लोक फुकट देतात, मेमरी कार्डची खाच असेल तर बहुतेक बसतील. आपल्याकडं त्यात कमी काय आहे तर आतल्या रस्त्यांची नावं आणि वन वे. बरेच रस्ते उपग्रहाच्या फोटोवरनं कुणीतरी लांब बसून काढलेत, आणि फोटोत पाटी वाचता येत नाही. तासगावात कुठला रस्ता वन वे आहे हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही भरा, अकाउंट काढायला मेल आयडी लागतो बस्स. फक्त गुगलवरनं बघून कॉपी करू नका, लायसन्समध्ये ते चालत नाही, स्वतः बघितलेलंच टाकायचं.

गार्मिनचं मॉडेल पाठीमागच्या स्टिकरवर असतं. ते आणि मॅपच्या माहितीचा स्क्रीन, दोन्हीचा फोटो काढून पाठवा, त्याला काय बसतं ते बघून कळवतो. तोपर्यंत सोलापूरला जाणार असाल तर ते बंदच ठेवा.