संकट आलं म्हणजे विश्वास कमी पडला?

ख्रिस्ती विश्वासी मंडळींच्या ग्रुपवर एक संदेश अधूनमधून फिरत असतो. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण सार असं: ‘ज्याचा विश्वास पक्का, त्याच्या घरी संकट टिकत नाही. देव झेपेल तेवढंच ओझं देतो. यिर्मया २९:११ वर हक्क सांगा. रडू नका, कुरकुर करू नका, तो अविश्वास आहे.’ पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण आयसीयूबाहेर बसलेला माणूस तो वाचतो तेव्हा त्याला एवढंच ऐकू येतं, की चूक तुझीच. शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, नावाने हे चालतं म्हणून शास्त्रच उघडून बघू.

‘पक्का विश्वास असेल तर संकट टिकत नाही.’ प्रेषितांची कृत्ये, १२वा अध्याय. हेरोद राजा येशूचा शिष्य याकोब याला तलवारीने मारतो आणि दुसरा शिष्य पेत्र याला तुरुंगात टाकतो. पेत्राला देवदूत रात्री बाहेर काढतो, याकोबाला कुणी सोडवत नाही. म्हणून याकोबाचा विश्वास कमी होता, असं हे पुस्तक लिहिणारा लूक सूचितही करत नाही. इब्री लोकांस पत्राचा ११वा अध्याय तर विश्वासवीरांची यादीच. तिथे काही जण तलवारीच्या धारेपासून वाचले असं ३४वं वचन सांगतं आणि काही तलवारीने मारले गेले असं ३७वं. दोघेही त्याच यादीत.

सगळं गमावून बसलेल्या नीतिमान ईयोबाचे मित्र मला या संदेशाचे मूळ लेखक वाटतात. अलीफज, बिल्दद आणि सोफर आले, सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तिथवर उत्तम होतं. मग तोंड उघडलं आणि हिशेब मांडला: देव न्यायी आहे, तू भोगतो आहेस, म्हणजे तू काहीतरी केलं असणार. ईयोब भांडला, देवाला जाब विचारला, जन्मदिवसाला शाप दिला. देवाने त्यालाही खडसावलं, पण शेवटच्या अध्यायात राग निघतो तो या तिघांवर. माझ्याविषयी तुम्ही ईयोबासारखं यथार्थ बोलला नाहीत, असं देव अलीफजाला बजावतो. आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘घरात काही पाप लपलंय का बघा’ म्हणणाऱ्यांनी तो अध्याय वाचावा. येशूनेही हा हिशेब दोनदा खोडला आहे: जन्मांध माणसाबद्दल आणि शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या १८ जणांबद्दल.

‘देव झेपेल तेवढंच ओझं देतो.’ याला आधार म्हणून १ करिंथ १०:१३ दाखवतात, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन. पण तिथे विषय आहे परीक्षेचा, मोहाचा. आजूबाजूची वचनं मूर्तिपूजा आणि व्यभिचाराबद्दल आहेत. आजार, कर्ज, मृत्यू यांचं वजन तिथे कुणी मोजत नाही. त्याच करिंथकरांना दुसऱ्या पत्रात पौल सरळ लिहितो की आसिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याचीसुद्धा आशा उरली नाही. झेपलं नाही, हे तो लपवत नाही.

‘यिर्मया २९:११ वर हक्क सांगा.’ तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव सांगतो ते हे वचन भिंतीवर छान दिसतं. त्याच्या आधीचं वचन मात्र कुणी फ्रेम करत नाही. हे वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पत्रातलं. ते यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला) पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, आणि १०वं वचन सांगतं की परतायला ७० वर्षं लागतील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हतं. तोवर काय करायचं? घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. लवकर सुटका होईल असं सांगणाराही एक होता, हनन्या. दोन वर्षांत सगळं परत येईल, असं त्याने मंदिरात सगळ्यांसमोर जाहीर केलं. लोकांना ते गोडही वाटलं असेल. शास्त्र त्याला खोटा संदेष्टा ठरवतं. आज त्याने हा मेसेज नक्की फॉरवर्ड केला असता.

‘रडू नका, कुरकुर करू नका.’ यावर फार लिहायची गरज नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला. १५० स्तोत्रांत गाऱ्हाण्यांची स्तोत्रं ढीगभर आहेत, आणि ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही न जोडता. ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हे २२व्या स्तोत्राचे शब्द वधस्तंभावर येशूच्या तोंडी आहेत. गाऱ्हाणं देवाकडेच नेणाऱ्याचा विश्वास सुटलेला नसतो. सुटला असता तर तो देवाशी बोललाच कशाला असता?

संदेशाच्या काही आवृत्त्यांत शेवटी ‘औषधापेक्षा प्रार्थना’ असंही असतं. हे सगळ्यात धोक्याचं, विशेषतः खचलेल्या माणसाला. पौलाबरोबर लूक नावाचा वैद्य होता. आपला सहकारी तीमथ्य याला पौल पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि दुसरा सोबती त्रफिम याला आजारी अवस्थेत मिलेत शहरात ठेवून पुढे जातो. आणि एलीया! कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा झुडपाखाली बसून ‘पुरे झालं, माझा जीव घे’ म्हणाला. देवदूताने त्याला वचन ऐकवलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं. तो जेवला, पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवून खाऊ घातलं, पल्ला लांबचा आहे म्हणाला. आपल्यातलं कुणी मरणाची भाषा बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नये, जेवू घालावं, त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जावं. ‘एलीया, तू इथे काय करतोस?’ हे देवाने विचारलं ते नंतर, होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर.