मागून येणाऱ्यासाठी लिहिलेले प्रवासवर्णन

हरिश्चंद्रगडावर जाण्यापूर्वी त्या गडाविषयी मिळेल ते सारे मी वाचून काढले होते. कोकणकड्यावरचा सूर्यास्त, केदारेश्वराच्या गुहेतले गार पाणी, 'डोळ्यांचे पारणे फिटले', 'निसर्गाने मुक्तहस्ताने उधळण केली आहे' हे सगळे त्या लेखांत होते. एका लेखात 'चढ सोपा आहे, घरच्या मंडळींनाही नेता येईल' असे वाक्य होते आणि त्यावर विसंबून मी आईला घेऊन खिरेश्वरहून निघालो. तोलार खिंडीच्या वर कातळात रेलिंग धरून चढावे लागते आणि तो टप्पा संपून गड आला असे वाटते तोच एकामागून एक टेकड्या सुरू होतात, हे मी वाचलेल्यांपैकी एकानेही लिहिलेले नव्हते. आई तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. कातळाच्या पायथ्याशी ती टेकली आणि म्हणाली, "तू जाऊन ये, मी इथेच बसते." अर्थात आम्ही दोघेही परतलो.

नंतर तो लेख पुन्हा वाचला तेव्हा कळले, की लेखक पाचनईहून चढला होता. त्याचे वाक्य खोटे नव्हते. फक्त ते कोणत्या वाटेबद्दल आहे, हे त्याने सांगितले नव्हते. या गडाला तीन जिल्ह्यांतून वाटा येतात: अकोले तालुक्यातली पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी, जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरची लांब आणि दमवणारी, तर मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट केवळ सराव असलेल्यांनी, दोर आणि जाणता सोबती घेऊनच करावी अशी. 'हरिश्चंद्रगड सोपा की अवघड' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही, आणि वाटेचे नाव न लिहिता दिलेले उत्तर वाचणाऱ्याला थेट संकटात नेऊ शकते.

तेव्हापासून प्रवासवर्णन वाचताना मी एकच पाहतो: लिहिणाऱ्याच्या मनात मागून येणारा माणूस आहे की नाही. तो असेल तर लेख आपोआप देखणा होतो, असे माझे ठाम मत आहे. उपयोगी लेखन रुक्ष असते आणि सुंदर लेखनाला माहितीचे ओझे नको, ही समजूत मला मुळीच पटत नाही. केदारेश्वराच्या गुहेबद्दल 'अद्भुत' असे दहा वेळा लिहिण्यापेक्षा चार खांबांपैकी आता एकच शाबूत उरला आहे, लिंगाभोवती कमरेइतके पाणी आहे आणि त्यात उतरल्यावर पहिल्या क्षणी बोलायला शब्द फुटत नाही, असे लिहिले तर वाचणाऱ्याला ती गुहा दिसते. त्याच वेळी कपड्यांचा एक जादा जोड न्यावा लागेल, हेही त्याला न सांगता कळते.

तारखेचेही तसेच. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या कासच्या पठाराची छायाचित्रे दरवर्षी हजारोंनी फिरतात, पण ती कोणत्या आठवड्यातली आहेत हे क्वचितच लिहिलेले असते. तिथला बहर पावसावर ठरतो आणि पंधरवड्यात पठाराचा रंग पालटतो. एकदा तेरड्याचा गुलाबी, तर पुढे सोनकीचा पिवळा. ज्या चित्राखाली दिवस आणि महिना नाही, ते पाहून सुट्टी काढणाऱ्याची निराशा ठरलेली असते, मग चित्र कितीही सुंदर असो.

छायाचित्रांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण मांडणीतली सर्वाधिक हेळसांड मला तिथेच दिसते. कोकणकड्याची खासियत अशी, की तो आत वळलेला आहे. काठावर उभे राहून सरळ खाली काढलेल्या चित्रात ते वळण येतच नाही. तेच चित्र बाजूने काढले आणि काठावर पालथे झोपून खाली पाहणारा एक माणूस त्यात असला, तर कड्याची खोली आणि त्याचा बाक दोन्ही एका दृष्टिक्षेपात समजतात. असे एक चित्र मजकुरात योग्य ठिकाणी, खाली एक ओळ लिहून लावावे. लेख संपल्यावर चाळीस चित्रे एकाखाली एक ओतली, तर त्यांतले पाणवठ्याचे कोणते आणि खिंडीचे कोणते, हे वाचणाऱ्याने कसे ओळखावे? गाव, पाण्याची जागा, चुकण्याची शक्यता असलेला फाटा आणि मुक्काम दाखवणारा हाताने काढलेला साधा नकाशा मला कोणत्याही सजावटीहून मोलाचा वाटतो.

पानाची सजावट जितकी कमी तितकी बरी. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी, मोबाइलवर न ताणता वाचता येतील अशी अक्षरे आणि हलकी चित्रे पुरेत. डोंगरातल्या गावांत रेंजचा भरवसा नसतो आणि एसटीतून उतरल्यावर जो लेख उघडतच नाही, तो घरी कितीही आकर्षक दिसला तरी काय उपयोगाचा?

जे जमले नाही तेही लिहावे, असे मला मनापासून वाटते. कुठे वाट चुकली, कुठे पाणी संपले, कुठून मागे फिरावे लागले, हे लिहिताना संकोच होतो, मलाही झाला. पण पावसाळ्यात धबधब्यांवर माणसे दगावतात, प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात आणि त्याच धबधब्यांची वर्णने धोक्याचा एक शब्दही न लिहिता पुढे पाठवली जातात, हे पाहिले की तो संकोच बाजूला ठेवावासा वाटतो.

पुढच्या हिवाळ्यात आई आणि मी पाचनईहून गडावर गेलो. बहुतेकांनी त्या चढाईला दोन-अडीच तास लागतात असे लिहिले आहे. आम्हाला चार वेळा बसत, ताक पीत, साडेतीन तास लागले. मी माझ्या लेखात साडेतीन तास असेच लिहिले आहे, आणि सोबत आईचे वयही.