सह्याद्री लावा, तब्येत सांभाळा

तुमचं बीपी वाढलंय, रात्री झोप लागत नाही, आणि न्यूज चॅनेलवर सहा चौकटींतली सहा माणसं एकदम ओरडायला लागली की छातीत धडधडतं, असं असेल तर पणजीला स्पेशालिस्टकडे जाऊन पैसे घालवू नका, एक दिवस सुट्टी काढा आणि सकाळपासून रात्रीपर्यंत दूरदर्शनचं मराठी चॅनेल सह्याद्री लावून बसा. साइड इफेक्ट नाहीत. फक्त संध्याकाळपर्यंत गोंयकाराचे थोडे महाराष्ट्रीय होता, ते दोन दिवसांत उतरतं.

आधी चॅनेल सापडायला हवा. तो तुमच्या केबलवर असणारच, कारण सरकारने ठरवलेले दूरदर्शनचे चॅनेल दाखवणं १९९५ च्या केबल कायद्याने सक्तीचं आहे, पण कुठल्या नंबरावर टाकायचा हे केबलवाल्याच्या हातात, त्यामुळे भजनांचे चॅनेल संपून दागिने विकणारे चॅनेल सुरू होतात त्या बाजूला शोधा. किंवा सरळ डीडी फ्री डिशची तबकडी बसवा, महिन्याचे पैसे भरावे लागत नाहीत. आमच्या वाड्यावर खूप घरांवर ती आहे, आणि त्यावर लोक बघतात काय, तर खासगी चॅनेलच्या जुन्या मालिका, कारण त्या चॅनेलवाल्यांनी लिलावात लाखो-करोडो मोजून तिथे जागा घेतलेली असते. म्हणजे तबकडी सरकारची, सासू-सून दुसऱ्याची. तुम्ही तसं करू नका, तुम्ही उपचाराला बसलाय.

सकाळी भक्तिगीतं आणि योगासनं. आसनं बघायची असतात, करायची नसतात, चहा घेऊन खुर्चीत बसलात तरी चालतं, आणि बाहेर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों वाजला की शवासनातल्या माणसाला तसंच ठेवून पाव आणायला गेलात तरी तो रागावत नाही.

मग शेती, ही अजिबात चुकवायची नाही. तुमची सत्तरी तालुक्यात दहा काजू आणि थोडं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, असेल, आणि टीव्हीवर विदर्भातल्या कापसावरच्या गुलाबी बोंडअळीची माहिती चालली असेल, तरी वही घेऊन बसा. मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे कामगंध सापळे कसे लावायचे, किती उंचीवर लावायचे, सगळं उतरवून घ्या. गोव्यात कापूस नाही हा मुद्दा काढू नका, ज्ञान ते ज्ञान. उसावरच्या हुमणी किडीचंही तसंच, गोव्यात एकच साखर कारखाना होता, धारबांदोड्याचा संजीवनी, तोही गाळप थांबवून बसलाय, पण तो चालू होईल त्या दिवशी अख्ख्या तालुक्यात हुमणीवर बोलू शकणारा माणूस तुम्हीच असाल. तोवर संध्याकाळी तावेर्नात, म्हणजे दारूच्या दुकानात, बसल्यावर सहज म्हणा, यंदा कामगंध सापळे लावायला पाहिजेत. शेजारच्या बाकावरचे गप्प होतात. (का गप्प होतात ते विचारू नका.)

त्यानंतर डॉक्टरांचा फोन-इन, हा दिवसाचा खरा थरार. गुडघेदुखीवर तज्ज्ञ आलेले असतात, कुणीतरी लांबून फोन लावतो, 'हॅलो नमस्कार, माझा आवाज येतोय का', निवेदिका म्हणते, 'हो येतोय, तुमच्या टीव्हीचा आवाज कमी करा', तो टीव्हीतला स्वतःचाच आवाज ऐकत म्हणतो 'हॅलो', ती परत म्हणते 'टीव्हीचा आवाज कमी करा', मग मागून बायको ओरडते, रिमोट सापडत नाही, शेवटी आवाज कमी होतो आणि माणूस विचारतो, 'डॉक्टरसाहेब, माझा मोतीबिंदूचा प्रॉब्लेम आहे.' आणि डॉक्टर रागावत नाहीत हो! नेत्रतज्ज्ञाला दाखवून घ्या म्हणतात आणि दोन वाक्यांत परत गुडघ्यावर येतात. ही सहनशक्ती बघूनच तुमचं बीपी दहा पॉइंट खाली यायला पाहिजे. नाही आलं तर तुम्ही घरात टीव्हीचा आवाज कमी करा.

दुपारी शीत-कडी जेवून आडवं व्हायचं, टीव्ही चालू ठेवूनच. जुनं नाटक लागलं असेल तर दार आपटल्यावर भिंत हलते त्याला हसू नका, जत्रेत पहाटेपर्यंत नाटकं बघणाऱ्या गोंयकाराला भिंत हलल्याचं काय एवढं.

संध्याकाळी घरात रिमोटवरून भांडण होईल, एकाला पणजी केंद्राचं कोकणी हवं असतं, दुसऱ्याला सह्याद्री. यावर १९८७ चा राजभाषा कायदा घरात लागू करा, राजभाषा कोकणी, पण मराठीही वापरता येईल. म्हणजे भांडण मिटत नाही, पण कायदेशीर होतं.

आता बातम्या. कुणी ओरडत नाही, निवेदक पुण्यातलं भूमिपूजन आणि नागपुरातलं उद्घाटन एकाच सुरात वाचतो, तुम्ही थांबायचं हवामानापर्यंत. कारण अख्ख्या दिवसात आपलं नाव येण्याची खात्रीची जागा ती एकच, हवामान खात्याच्या नकाशात कोकण आणि गोवा मिळून एकच विभाग आहे, तेव्हा 'कोकण, गोव्यात बहुतांश ठिकाणी पाऊस' एवढं वाक्य ऐकायला सकाळपासून बसलेलो असतो आपण. पोर्तुगीज गेले, १९६७ साली महाराष्ट्रात विलीनीकरण नको म्हणून मतं दिली, १९८७ ला वेगळं राज्य झालं, पण ढगांना कुणी कळवलंच नाही. आणि जुलै असेल तर गंमत पुढेच, तबकडीचा सिग्नल केयू बँडवर येतो, तो जोराच्या पावसात जातो, त्यामुळे 'कोकण, गो' इथपर्यंत ऐकू येतं आणि स्क्रीन निळी. घाबरू नका. सिग्नल गेला म्हणजे पाऊस आहे, एवढा अचूक अंदाज दुसरं कुठलं चॅनेल देतं?

रात्री शास्त्रीय गायन असतं, विलंबितात गायक समेवर यायच्या आत तुम्ही घोरायला लागलेले असाल, आणि गोळीचा खर्च वाचलेला असेल.

एकच पथ्य पाळा, हे औषध कुणाला सांगत सुटू नका. सगळेच बघायला लागले तर टीआरपी वाढेल, टीआरपी वाढला की जाहिरातवाले येतील, आणि पहिली पानमसाल्याची पट्टी येऊन बसेल ती हवामानाच्या नकाशावर, नेमकी खाली डाव्या कोपऱ्यात.