तात्यांचा टीडीएस

गीझरची कॉइल गेली, ते एक वेळ ठीक. वस्तू म्हटली की जाणारच. पण आपण माणसाला तांब्याभांडं पुढं करावं आणि त्यानं भांड्यात आधी यंत्र बुडवून आकडा बघावा, मग न पिताच ते खाली ठेवावं, हे अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

समोरच्या फ्लॅटमधले तात्या. पूर्वी त्यांच्या खिशाला पेन असायचं, आता टीडीएस मीटर असतो, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा सांगणारा. तो आल्यापासून सांगलीच्या विश्रामबागेत त्यांनी मोजला नाही असा पातळ पदार्थ उरलेला नाही. देवळात तीर्थाच्या पळीकडं हात गेला तेव्हा गुरुजींनीच डोळे वटारले म्हणून थांबले.

"चाळीस!" तात्या म्हणाले. "आरओचं दिसतंय. मेलेलं पाणी ओ हे. सत्त्वच नाही."

मग बेसिनचा नळ सोडून तिथं मीटर धरला. "सहाशे ऐंशी! आणि ह्यानं तोंड धुताय?"

"मग पाहिजे तरी किती?"

"आमच्यात एकशे वीस येतंय," ते अशा थाटात म्हणाले, की जणू पोराचे दहावीचे मार्क सांगताहेत.

तेवढ्यात मेकॅनिक पोरानं बाथरूममधून कॉइल बाहेर आणली. पाडव्याच्या साखरगाठीसारखी दिसत होती, पांढरी, गुठळ्या-गुठळ्यांची. फक्त गोड नव्हती. "बघा, टीडीएस!" तात्या गरजले.

इथं माझं डोकं फिरलं. कॉइलवर बसतो तो टीडीएस नव्हे, जडपणा, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम. मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज सांगतो; त्यात कॅल्शियम किती आणि साधं मीठ किती, हे त्याला कळत नाही. लिटरभर आरओच्या पाण्यात ग्रॅमभर मीठ टाका, मीटर हजाराच्या आसपास जाईल, पण त्या पाण्यानं कॉइलवर थर धरणार नाही. जडपणा मोजायचा तर थेंबांचं किट मिळतं. पाण्यात रंग टाकायचा आणि लालसर रंग निळा होईपर्यंत थेंब मोजायचे. भारतीय मानकातसुद्धा दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या आहेत : टीडीएस ५००, जडपणा २००, दोन्ही लिटरला मिलिग्रॅममध्ये. दुसरा स्रोतच नसेल तर अनुक्रमे २००० आणि ६०० पर्यंत चालवून घेतात.

हे सगळं मी मिठाच्या उदाहरणासकट तात्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मीठ कमी खात जावा. बीपी वाढतंय."

आपल्याकडं कृष्णेचं पाणी त्यामानानं हलकं. उन्हाळ्यात टाकीत बोअर मिसळला की खेळ सुरू. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरतं, किंचित आंबट होतं आणि काळ्या रानातली चुनखड, खालचा काळा पाषाण यांतलं कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. तापवलं की तो वायू उडून जातो आणि चुना उघडा पडतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. हा गडी उलटा, गरम झाला की बाहेर पडतो. म्हणून थर सगळ्यात आधी धरतो तो कॉइलवरच. साठ अंशांच्या पुढं हा उद्योग फार जोरात चालतो. गीझरचा काटा पंचाहत्तरला लावून वर बादलीभर गार पाणी मिसळणाऱ्यांना नमस्कार. आणि बिल्डर जाहिरातीत '२४ तास बोअर' असं लिहितो! डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, मशीनचा व्हॉल्व्ह चोंदतो. ते लिहायला जागा पुरत नसावी.

"ॲसिड वत रे संडासचं, झटक्यात जातंय," तात्यांनी पोराला सल्ला दिला. पोरगा हसला आणि स्क्रूड्रायव्हर उलटा धरून ठोकायला लागला. दोन्हीही नको! संडासचं ॲसिड धातूही खातं. आणि ठोकलं की तांब्याच्या पातळ नळीला चीर पडते, आतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी शिरतं, मग बटण दाबलं की ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडलाच. लिटरभर गरम पाण्यात पन्नास ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालायचं, कॉइल दोन-तीन तास बुडवून ठेवायची, बुडबुडे थांबले की प्लॅस्टिकच्या ब्रशनं घासायची. गॅस्केट नवीन. परत बसवल्यावर गरम नळातून पाणी सलग येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. कोरडी कॉइल मिनिटांत जळते. शेजारचा झिजलेला मॅग्नेशियमचा दांडा तर पोरगा "हे काय कामाचं नाही" म्हणून फेकत होता. टाकीऐवजी स्वतः गंजायचं हेच त्याचं काम. काढायचा तर बदली दांडा बसवायचा.

वॉशिंग मशीनलाही रिकाम्या ड्रममध्ये शंभर ग्रॅम हेच सायट्रिक, साठ अंशांवर. सोबत ब्लीच चुकूनही नको, विषारी वायू होतो. पाइप सोडवून आतली बारीक जाळीही धुवायची. ती जाळी असते हे बहुतेकांना मशीन विकेपर्यंत कळत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्यांनी जडपणा काढणारा सॉफ्टनर बसवला, तर तात्यांनी तिथंही मीटर बुडवून "टीडीएस होता तेवढाच, फसवलं ओ तुम्हाला" अशी आवई उठवली. तेवढाच राहणार! सॉफ्टनरमधलं रेझिन, म्हणजे बारीक दाणे, कॅल्शियम धरतं आणि बदल्यात सोडियम सोडतं, म्हणून तर त्याला अधूनमधून मिठाच्या पाण्यानं धुवावं लागतं. त्यांच्या नळाला आता थर धरत नाही, पण आकडा तोच, म्हणून बिचारे दुकानदाराशी भांडून आले.

शेवटी मी कंपनीला फोन लावला. गीझर वॉरंटीत होता. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, जड पाण्यामुळे कॉइल गेली असेल तर वॉरंटीत बसत नाही."

"जड म्हणजे किती? तुम्ही मोजता कसं?"

"टीडीएस किती येतो सर तुमच्याकडे?"

तात्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.