टोल्युइनवर पाणी मारायचं म्हणे!

'केमिकल सांडलं? घाबरू नका, पाच सोपे उपाय' हा फॉरवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता तोवर डिलीट करून गप्प बसत होतो. आता भाच्याच्या कंपनीत सुपरवायझरने त्याचा प्रिंट काढून थिनरच्या गोडाउनच्या दारावर चिकटवलाय, म्हणून लिहितोय.

उपाय पहिला: 'भरपूर पाणी मारून गटारात ढकला.' अहो, थिनरमधलं टोल्युइन पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. पाणी मारलं की हातभर डबकं गोडाउनभर होतं. साधारण 4 अंश सेल्सियसलाही त्याची पेट घेण्याइतकी वाफ सुटते, मग आपल्या मे महिन्याचं काय सांगावं! ही वाफ हवेच्या तिप्पट जड, त्यामुळे उडून न जाता जमिनीलगत सरपटत गटारात उतरते. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात 22 एप्रिल 1992 ला गटारात झिरपलेल्या पेट्रोलचा स्फोट झाला. कित्येक किलोमीटर रस्ते फाटले, 200 हून अधिक माणसं गेली.

माझं ऐकू नका, टोल्युइनच्या टँकरवरची हॅझकेमची, म्हणजे केमिकल सांडलं वा पेटलं तर काय करायचं ते संकेतात सांगणारी पाटी वाचा: '3 वाय ई'. 3 म्हणजे फोम वापरा. वाय म्हणजे श्वसनयंत्र लावा आणि सांडलेलं अडवा, गटारात जाऊ देऊ नका. ई म्हणजे आसपासची माणसं हलवायचा विचार करा. तीन अक्षरांत फॉरवर्डचा निकाल लागतो.

अ‍ॅसिटोन, मिथेनॉल ही दुसरी केमिकल पाण्यात मिसळतात, एवढं मान्य. पण पाणी घातलेलं मिथेनॉलही बराच वेळ पेटतंच, आणि पुरेसं पातळ करायला लागणारं पाणी शेवटी जाणार कुठे? गटारातच.

'एक्झॉस्ट फॅन लावा.' वारा खेळता हवा, बरोबर. पण साध्या बटणाची ठिणगी पुरते. हवेत टक्का-सव्वा टक्का वाफ असली तरी भडका उडतो. चालू असलेलं बटण बंदही करू नका. वीज तोडायची ती बाहेरून, वाफेपासून लांबून.

'लाकडाचा भुसा टाका.' म्हणजे वर सरपणही आपणच पुरवायचं! कोरडी वाळू किंवा माती टाका, तीही डबकं लहान असेल आणि शिकलेला माणूस असेल तरच. गोळा करायला लोखंडी फावडं नको.

'ओला रुमाल बांधा.' तो टोल्युइनची वाफ अडवत नाही. 'वास गेला की धोका गेला' हेही खोटं: थोड्या वेळाने नाकच सरावतं.

ड्रम आडवा झाला तर हातातलं काम टाका, ओरडून सगळ्यांना बाहेर काढा, वारा जिकडून येतोय त्या अंगाला किमान 50 मीटर लांब जा आणि मगच खिशातला मोबाइल काढून 101 लावा. फोनवर केमिकलचं नाव सांगा, म्हणजे बंब फोम घेऊन येईल.